डॉक्टरकाकांचं गाव

कुठेही गेलं की शेजारचे डॉक्टरकाका आधी विचारत, "इथून हॉस्पिटल किती लांब?" इथे परदेशात, नेपरव्हिलमधल्या एका डोहाळजेवणातसुद्धा त्यांनी हेच विचारलं होतं. जन्मभर इतरांची हृदयं तपासली. स्वतःची बायपास झाल्यावर तर हॉटेलात ताट येईपर्यंत फोनवर हॉस्पिटलपर्यंतची मिनिटं बघत बसायचे.

अशा माणसाने ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या एका दूरच्या बेटावर मासे पकडायला जायचं ठरवलं. "लहानपणी वेंगुर्ल्याच्या खाडीत गळ टाकायचो. इथे गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोकं पाडून मासे धरायला कंटाळलो. एकदा कोमट पाण्यातला मासा कॅच करायचाय." काकूंनी गोळ्यांचा डबा माझ्या हातात दिला. "तू बरोबर जा. त्यांना परत आण." मी मुळात भित्रा, नाही म्हणायलाही घाबरलो.

बेटावर काकांनी हॉस्पिटलचं नावही काढलं नाही. शेवटी मीच विचारलं. छोटा दवाखाना, एक नर्स. बाकी सगळ्यासाठी विमान बोलवायचं. मी काकांचे श्वास मोजत मागून चालत राहिलो.

ते बेट तिथल्या आदिवासींचं. गळ टाकण्याआधी आमच्या यजमान आजींनी थांबवलं. आलेल्या माणसाची आधी पाण्याशी ओळख करून द्यायची, म्हणजे पूर्वज त्याला सांभाळतात. त्यांनी काकांच्या डोक्याला पाणी लावलं, नाव विचारलं, मग गाव.

काकांचा चेहरा पांढरा. मी गोळ्यांचा डबा उघडला.

"वेंगुर्ला," ते म्हणाले, आणि रडायला लागले. दुपारी निखाऱ्यावर भाजलेला मासा मात्र त्यांनी दोनदा मागून घेतला.

मी त्यांना सुखरूप परत आणलं. ही हकीकत ऐकून काकू एवढंच म्हणाल्या, "चाळीस वर्षं माझ्याबरोबर इथे काढली, आणि गाव वेंगुर्ला?" त्यांना ते लागलं होतं.

यंदाच्या थंडीत काका गेले. घरीच, हॉस्पिटलपासून सात मिनिटांवर. माझ्या मनातून ती सात मिनिटं अजून जात नाहीत.

बर्फ वितळल्यावर काकूंनी मला काकांच्या नेहमीच्या तळ्यावर न्यायला सांगितलं. गुडघे दुखत असतानाही त्या वाकल्या, पाण्यात हात घातला आणि काकांचं पूर्ण नाव सांगितलं.

"गाव वेंगुर्ला," काकू पाण्याला म्हणाल्या. "मी त्यांची बायको. मी इथलीच."