लेकीच्या गालावरच्या लाल रेघा

माझी बायको गेली तेव्हा तिच्या छातीवर, खांद्यावर लाल ठिपके होते. मधे मोहरीएवढा ठिपका आणि भोवती केसासारख्या बारीक शिरा, कोळ्याच्या पायांसारख्या. बोटानं दाबलं की जायचे, सोडलं की परत भरायचे. दारूच्या थेंबाला न शिवलेली बाई, तरी तिचं लिव्हर गेलं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात कुजबूज झाली. मी तोंडावर सांगितलं, जुनी कावीळ रक्तात राहिली होती, तिनं लिव्हर खाल्लं. लिव्हर फक्त दारूनंच जातं असं ज्याला वाटतं त्यानं दवाखान्यात येऊन बसावं. मी बसलोय.

वर्षश्राद्धाला लेक अक्कलकोटहून आली. तोंडाला स्कार्फ, घरात आली तरी सोडीना.

"सोड की. बापासमोर कसला स्कार्फ?"

तिनं सोडला. दोन्ही गाल चापट मारल्यासारखे लाल आणि त्यांच्यावर बारीक लाल रेघा पसरलेल्या.

"आईचंच लागलंय मला," ती म्हणाली. "माजी पोरं अजून लहान हायती, अण्णा."

"दवाखान्यात गेलतीस?"

"न्हाई. काय ऐकायचं ते मला ठाऊक हाय."

"ठाऊक असायला तू डॉक्टरीण हायस व्हय?"

कार्य उरकलं तशी तिला रिक्षात घातली. आयुष्यभर रिक्षाच चालवली, गावातल्या कुठल्या दवाखान्याचं दार कुठं आहे ते मला पाठ. कातडीच्या डॉक्टरबाईनं गालावर काचेची पट्टी दाबून बघितली. मी म्हणालो, "बाई, लिव्हरचं हाय का, ते आदी सांगा. गोल गोल बोलू नका."

बाई हसली. "काका, बारीक शिरा फुगायला एकच कारण नसतं. उन्हानं फुगतात, वयानं फुगतात, दिवस गेल्यावर दिसतात, कुणाच्या घराण्यातच असतात. लिव्हरनंही होतात, पण ते बहुतेक छातीवर, खांद्यावर, कोळ्यासारखे. हिच्या नुसत्या रेघा आहेत, त्याही गालावरच." मग लेकीकडं वळली. "चेहऱ्याला काय लावता?"

लेकीनं मान खाली घातली आणि पर्समधून ट्यूब काढली. "आईची हाय."

मी ओळखली आणि बाईला सांगितलं. दुखण्यात बायकोचे पाय खाजायचे, खाजवून चट्टे पडले होते, त्यावर दिलेली. ती गेल्यावर साड्या वाटल्या, तेव्हा लेकीनं ही उचलली होती. पुटकुळीवर लावली, दोन दिवसांत गाल चकाचक. मग रोजचीच झाली, हे लेकीनंच सांगितलं. संपली की रिकामी दाखवायची, मेडिकलवाला नवी द्यायचा. आमच्या घरात औषध कुणाच्या नावाचं ते कुणी बघतच नाही. एकाला लागू पडलं की ते सगळ्यांचं, मग तापाची गोळी असो नाहीतर खोकल्याची बाटली.

"ही पायाला होती, तीही थोड्या दिवसांसाठी," डॉक्टरबाई म्हणाली. "यात स्टेरॉइड आहे. चेहऱ्याची कातडी आधीच पातळ, वर्षभर लावून आणखी पातळ झाली. शिरा फुगल्या आणि वर दिसायला लागल्या." तरी तिनं रक्त तपासायला लावलंच, कारण आईची ती कावीळ लेकीला येऊ शकते.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. मला इंग्रजी येत नाही. फोनवर डॉक्टरबाईकडून दोनदा वदवून घेतलं. लिव्हर चांगलं, कावीळ नाही. लेक कणीक मळत होती, तिला सांगितलं. ती पिठाच्या हातानंच खाली बसली आणि मोठ्यानं रडली. आई गेली त्या दिवशी आल्यागेल्याचं बघता बघता तिला रडायला सवड मिळाली नव्हती.

"आईची तेवढीच एक खूण मी रोज हातात घेत हुते, अण्णा."

"मग साडी ने, एक ठिवलीय मी. औषध आठवणीला ठिवत न्हाईत," म्हणालो आणि ट्यूब कचऱ्यात टाकली.

ट्यूब सोडल्यावर चेहरा आधी पेटणार, हे डॉक्टरबाईनं सांगितलंच होतं. तसा पेटला. लेक रोज दिवेलागणीला अक्कलकोटहून फोन करायची.

"तुमच्यामुळं तोंड भाजल्यागत झालंय! एकदाच लावते की."

"न्हाई."

"आई असती तर असं बोलली नसती."

"आई असती तर लाटणंच हाणलं असतं तुला."

आता गाल निवलेत. नाकाजवळच्या दोनचार रेघा राहतील म्हणे. राहू देत. फोन अजून येतो. लेक आता माझ्या जेवणावरून, बिडीवरून, न धुतलेल्या धोतरावरून बोलते. मी फोन कानापासून जरा लांब धरतो, पण बंद करत नाही. बायको गेल्यापासून या घरात मला कुणी रागावलंच नव्हतं.