नळाला काय म्हणायचं

नॉटिंगहॅममधल्या आमच्या भागात अरबी बोलणाऱ्यांसाठी रेडिओ स्टेशन काढायचं ठरलं, तेव्हा हॉस्पिटलमधली माझी सुदानी मैत्रीण मला मीटिंगला घेऊन गेली. मला अरबीचा गंध नव्हता. "म्हणूनच तू हवीस," ती म्हणाली. "तू कोणाच्याच बाजूची नसशील."

अध्यक्ष होते एक रिटायर्ड इराकी फार्मासिस्ट. त्यांना रेडिओवर शुद्ध पुस्तकी अरबीच हवी होती. मैत्रीण म्हणायची, तशी अरबी तिच्या घरात कोणी कधी बोललंच नाही. बातम्या वाचायला एक मोरोक्कन बाई होत्या. त्या आपल्या बोलीत बोलायला लागल्या, की काही कळत नाही म्हणून या दोघांची तेवढ्यापुरती एकी व्हायची. लायसन्सचे फॉर्म मी एका वीकेंडला भरले, पण श्रोत्यांचं स्वागत कुठल्या शब्दांत करायचं यावर तीन मीटिंगा गेल्या. प्रमाण की बोली हे भांडण पुण्यात सोडून आले, असं मला वाटलं होतं.

स्टेशन सुरू होऊन दोनच आठवडे झाले होते. एका शनिवारी सकाळी पाण्याचा मोठा पाइप फुटला आणि नळाचं पाणी उकळूनच प्या, अशी सूचना आली. मैत्रिणीने ती झटपट अरबीत केली. तिने नळासाठी लिहिलेल्या शब्दाचा अर्थ अध्यक्षांच्या मते नुसता पाइप. मोरोक्कन बाईंचा शब्द मुळात फ्रेंच, तो अध्यक्षांनी ऐकूनही घेतला नाही. पंचवीस मिनिटं वाद चालला आणि तेवढा वेळ रेडिओवर गाणी.

माझं डोकंच फिरलं. मी अध्यक्षांना म्हणाले, "अहो, लोक ते पाणी आत्ता पितायत. तिघंही एकामागून एक माइकवर जा आणि घरी बोलता तसं सांगा."

ते उठून माइकवर गेले. सुरुवात पुस्तकीच केली, मग अडखळले, आणि पुढचं सगळं बगदादच्या बोलीत बोलले. मैत्रीण बघतच राहिली. दुपारपर्यंत फोन येत होते: किती वेळ उकळायचं, बाळाच्या दुधाचं काय करायचं. एका येमेनी आजोबांनी मात्र तक्रार केली, की तीनदा सांगायला ते बहिरे नाहीत.

तेव्हापासून सूचना तीन बोलींत जातात. बातम्यांचं अजून ठरलेलं नाही. मागच्या मीटिंगला मी सर्दीचं निमित्त काढून घरी राहिले, तर अध्यक्षांचाच फोन आला. मी नव्हते म्हणून त्यांनी बातम्यांच्या भाषेवरचं मतदान पुढे ढकललं होतं.