वरचं रान

"तुमीच उचला. माझ्या हातानं नगं." घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात कासरे विकणाऱ्या आबांचं हे ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक दोरी मागायचं आणि आबा दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचे. तुम्ही कधी बाजाराला आला असाल तर पाहिलं असेल त्यांना. नवखा माणूस म्हणायचा, म्हातारा भारीच मिजासखोर दिसतोय!

बाजारासमोर माझं ई-सेवा केंद्र. चहाला आबा माझ्याकडे यायचे. एकदा मी छेडलं, "आबा, हातात काय विंचू धरलाय का?" तेव्हा त्यांनी सांगितलं.

ते पाच वर्षांचे असताना वडील आणि चुलता वेगळे झाले. रानाचे दोन वाटे, दोन चिठ्ठ्या. चिठ्ठी घरातल्या सगळ्यात लहानानं उचलायची, म्हणून यांना पुढं केलं. यांच्या हाताला वरचं रान लागलं. विहीर होती, आंबे होते. आईनं खूश होऊन गूळ दिला. मग काही वर्षांनी धरणाचा पाट आला, तो दोन्ही रानांच्या मधून. पाणी उताराला जाणार, दुसरीकडे कुठं? खालच्या रानात चुलत्याचा ऊस झाला, उसातून पेट्रोल पंप, पंपातून इंग्रजी शाळा. वरची विहीर आटली. आबांचा मुलगा आणि सून दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे.

शाळेचा अध्यक्ष म्हणजे त्या चुलत्याचा नातू. स्टेजवर म्हणायचा, "आम्ही शून्यातून उभं केलं." आबा टाळ्या वाजवायचे. "पोरगं कष्टाळू हाय," म्हणायचे. माझं डोकं फिरायचं. असेल कष्टाळू, पण आबांचा मुलगा काय झोपा काढत होता?

त्याच शाळेत गरिबांच्या मुलांसाठी काही जागा राखीव होत्या. ऑनलाइन सोडत निघायची. आबांची नात सहा वर्षांची. सून म्हणाली होती, "इंग्रजी शाळा लागली तर ठिवते तुमच्यापाशी. न्हाईतर फडावर धाकट्याला कोन सांभाळंल?" अर्ज मी भरला. शेवटचं बटण दाबायला आबा तयार होईनात. "अहो, मशीनला हात कळतो होय? दाबा!" म्हणत मी त्यांचं बोट धरून दाबलं. माझीच हौस.

नाव लागलं नाही.

"मी म्हनलं हुतं," एवढंच बोलले. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. जागा थोड्या, अर्ज ढीगभर, हे मी चारचारदा समजावलं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले.

पावसाळ्यात आबा गेले. दहाव्याला नेवाशात प्रवरेकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. तास गेला. जीव नातीत अडकलाय, लोक कुजबुजले. अध्यक्षही तिथंच उभा होता, मोबाईल बघत. एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं त्याचं! शेवटी मुलानंच हात जोडले. "आबा, पोरीला फडावर न्हेत न्हाई. शाळंत घालतो."

कावळा लगेच उतरला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, मीसुद्धा.

दसऱ्यानंतर केंद्रासमोर ऊसतोडीचा ट्रक थांबला. वर भांडी, गाठोडी, आणि गाठोड्यांवर नात, मांडीत धाकटा भाऊ. मला बघून तिनं हाक मारली, "काका, आमी चाललो!"

ट्रकमध्ये सगळ्यात उंच जागा तिला मिळाली होती. केवढी खूश होती.