कासऱ्याचा मान

वाल्मीकभाऊ भाषणाला उभे राहिले की म्हाताऱ्यासुद्धा पदर सावरून पुढे सरकायच्या. निफाडकडची चाळीस एकर बाग वाडवडिलांपासूनची, घरात पाटीलकी, पंचायत समितीवर तीनदा निवडून आलेला माणूस. पण ताठा नाही. दुष्काळात स्वतःची विहीर त्यांनी गावाला मोकळी केली. लेकीच्या लग्नात मजुरांना सोयऱ्यांच्याच पंगतीला बसवलं. भाऊबंदांनी नाकं मुरडली, तर म्हणाले, "ज्याला जेवण गोड लागत नसेल त्यानं घरी जाऊन पिठलं खावं." लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं भाऊंना म्हणायची कुणाची टाप नव्हती.

फक्त पोळ्याचा मान तेवढा सुटत नव्हता. वेशीवरच्या तोरणाखालून पहिली जोडी पाटलांची जायची, आणि कासरा पाटलाच्याच हातात. जोडी होती हौशा आणि नवशा. त्यांना वासरं असल्यापासून वाढवलं बुधानं. बुधा पेठकडचा, भाऊंचा जुना सालदार. बैलांचे खांदे हळद-तुपानं तोच मळायचा, शिंगं तोच रंगवायचा, आणि वेशीपाशी कासरा भाऊंच्या हाती देऊन मागे सरायचा.

एका पोळ्याला भाऊंनीच चारचौघांत सांगितलं, "बुधा, पुढच्या साली कासरा तू धरायचा."

"तुमी म्हनले म्हंजे झालं, भाऊ," बुधा म्हणाला. लाजला, हसला, आणि हसू कितीतरी वेळ लपवत राहिला.

पुढच्या साली निवडणूक आली. फोटोत कासरा भाऊंच्याच हातात हवा होता. त्याच्या पुढच्या साली जावई आले. बुधानं कधी आठवण करून दिली नाही, आणि भाऊंना तेच सोयीचं पडलं. मग रविराजनं, म्हणजे मुलानं, ट्रॅक्टर आणला. बुधा भातलावणीला घरी गेलेला असतानाच व्यापारी गोठ्यात आला. "बैल नुसते उभे राहून खातात," रविराज म्हणाला, आणि भाऊंनी मान डोलावली.

बुधा परत आला. रिकामा गोठा त्यानं झाडून काढला, घोंगडी खांद्यावर टाकली आणि पेठच्या एसटीला निघाला. भाऊ ओसरीवरच बसले होते. तालुका गाजवणाऱ्या माणसाच्या तोंडून साधी हाक निघेना.

ती न मारलेली हाक त्यांना पुढे फार छळू लागली. त्या साली निवडणूक हरल्याचं दुःख महिन्याभरात विरलं होतं, हे विरेना. शेवटी त्यांची बायको मैनाबाई करवादल्या, "जिवाला एवढं लागलंय तर घेऊन या की त्याला!"

यंदा भाऊंनी पोळ्यासाठी पांढरीशुभ्र जोडी विकत आणली आणि स्वतः पेठला जाऊन बुधाला गाडीत घालून आणलं. बुधा नवी टोपी घालून आला होता. वेशीवर गाव जमलेलं. भाऊंनी सगळ्यांदेखत कासरा पुढे केला.

"धर, बुधा. माझं चुकलं. फार उशीर केला मी."

बुधानं आधी बैलाच्या कपाळावर हात ठेवला. बैल बुजला, मान झटकून मागे सरला. बुधानं हात काढून घेतला.

"ह्ये जनावर मला वळखत नाय, भाऊ," तो हळूच म्हणाला. "मला माझ्या हौशा-नवशाला न्यायचं व्हतं."

मागच्या जोड्या खोळंबल्या होत्या. वाजंत्री थांबली होती. कुणीतरी ओरडलं, "चला पाटील, चला!"

पहिली जोडी तोरणाखालून गेली ती पाटलांचीच, आणि कासरा पाटलाच्याच हातात. बुधा नेहमीसारखा मागे सरून उभा होता.