रोज उतरणारी बॅटरी

बायको गेल्यावर देवाशी माझं बोलणंच तुटलं. खरं सांगायचं तर आधीही ते फारसं नव्हतं. भक्ती सगळी तिच्याकडे. दर पौर्णिमेला नृसिंहवाडी, गुरुवारचा उपवास, आणि पिकअपमध्ये माझ्या शेजारी बसली की लगेच ओठांवर दत्ताचं नाव. माझा स्वभाव तापट. दिवसभर पशुखाद्याची पोती गावोगावच्या गोठ्यांवर पोचवून डोकं उठलेलं असायचं. मी म्हणायचो, "तुझा दत्त डिझेल टाकणार हाय का गाडीत?" ती हसायची आणि आवाज जरा खाली आणायची. नाव काही थांबवायची नाही.

एकदाच थांबवलं, तेही मी थांबवायला लावलं म्हणून. काविळीचं निमित्त झालं होतं. एका दुपारी तिचा त्रास एकदम वाढला, तसं तिला पिकअपमध्ये घालून मी कोल्हापूरच्या दवाखान्याकडे निघालो. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, वाट मिळेना, माझा जीव टांगणीला, आणि शेजारी हिचं आपलं नाव चाललेलं. माझं तोंड सुटलं. "गप बस की जरा. त्या नावानं काय हुतंय?" ती गप्प बसली. रागावली नाही, नुसती माझ्याकडं बघून खिडकीला टेकली. थोड्या वेळानं तिच्या हातातली पाण्याची बाटली निसटली, सगळं पाणी सीटखाली सांडलं, आणि तिची शुद्ध गेली. दवाखान्यात दोन दिवस होती. पुन्हा एक शब्द बोलली नाही. शेवटच्या घटकेला तोंडात देवाचं नाव असावं, एवढीच जिची आयुष्यभराची इच्छा, तिच्या तोंडातलं नाव मी काढून घेतलं. हे मी कुणालाही सांगितलं नाही. दिवसकार्याला लोक म्हणायचे, पुण्यवान बाई, सुखानं गेली. मी मान खाली घालून बसायचो.

दहाव्या-बाराव्या दिवशी गाडीचं लचांड सुरू झालं. रात्रभर उभी राहिली की सकाळी बॅटरी उतरलेली. चावी फिरवावी तर नुसतं टक्. चार माणसं गोळा करून ढकलायची, तेव्हा कुठं सुरू व्हायची. गाडी जुनी, म्हणून बॅटरी नवी घातली. तीही उतरायला लागली. डायनॅमो भरून आणला, सेल्फ खोलून झाला. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या दोन गॅरेजांत दाखवली. तिथल्या पोरांनी एकेक फ्यूज काढून बघितला, सगळं ठीक म्हणाले. मी रोज सकाळी स्टिअरिंगवर हात आपटून देवाला शिव्या घालायचो. बायको नेलीस ती नेलीस, आता पोटावर का उठलास, असं म्हणायचो. सात महिने असेच काढले, आणि शेवटी हात टेकून गाडी विकायला काढली.

गिऱ्हाईक पेठ वडगावचं होतं. इंजिन बंद करायचं नाही, असं ठरवूनच घरातून निघालो. पण बाजाराचा दिवस होता. गर्दीत पुढं एक म्हैस आडवी आली, ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली. लोकांनी ढकलत ती कडेला, आमच्या नेहमीच्या पेंडीच्या गोडाऊनशेजारी आणून लावली. तिथं गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या एका म्हाताऱ्याचं खोपटं होतं. वर्षानुवर्षं त्या गोडाऊनला माझं येणं-जाणं, पण त्या माणसाकडं कधी बघितलंही नव्हतं. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. मी न बोलावताच मीटर घेऊन आला.

"चावी काढा, पावणं," म्हणाला. चावी काढली, दिवे बंद होते, तरी त्याच्या मीटरचा काटा हलत होता. "कोण तरी चोरून खातंय बघा." फ्यूजच्या पेटीला त्यानं हातच लावला नाही. बॅटरीपासून एकेक वायर बोटांनी चाचपत आत केबिनपर्यंत आला, पायाखालची चटई उचलली आणि तिथंच थांबला. एका वायरच्या जोडावर काळ्या टेपवरून पांढरा दोरा गुंडाळलेला होता. "ह्यो दोरा माझा हाय," तो म्हणाला. "ही गाडी मी केल्याली हाय."

मला वाटलं म्हाताऱ्याची काहीतरी गफलत होतेय. मी म्हटलं, "चाचा, माझी गाडी कधी तुमच्याकडं आलीच न्हाय."

त्यानं शेजारची सीट उचलली. खाली कोपऱ्यात, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला एक छोटा डबा होता. देवाचं नाम सतत वाजवणारी यंत्रं मिळतात, त्यातलं एक. डबा गरम लागत होता. म्हाताऱ्याला एकेक आठवत गेलं. मी गोडाऊनमध्ये पेंडीच्या दरावरून हुज्जत घालत होतो आणि माझी बायको गाडीत बसून होती, तेव्हा तिनं हे त्याच्याकडून बसवून घेतलं होतं. त्यानं बटण लावतो म्हटलं, तर ती नको म्हणाली. बटण दिसलं की मालक बंद करतील. म्हणून वायर थेट बॅटरीला. स्पीकरही तिनं काढायलाच लावला.

"मी म्हटलं, वैनी, आवाज न्हाई तर त्येचा उपेग काय? तर म्हणली, आमच्या मालकांस्नी आवाज सोसत न्हाय. देवाला ऐकू गेलं म्हंजी झालं. त्येंच्या गाडीत नाव चालू ऱ्हाऊ दे."

मी तिथंच फूटबोर्डवर बसलो. कुणालाही सांगितलं नव्हतं, ते त्या अनोळखी माणसापुढं सगळं बोलून गेलो. तिला गप्प बसवल्याचं, बाटली सांडल्याचं, तिच्या न बोलण्याचं. शेवटी विचारलं, त्या दिवशी पाणी शिरून हे बंद पडलं असेल का.

त्यानं डबा उलटा करून बघितला. आत पाण्याचे डाग आणि हिरवट गंज होता. "पाण्यानं बिघडलंय खरं," तो म्हणाला. "तवापासनं तापतंय, दसपट करंट वढतंय. पर बंद पडलं असतं तर तुमची बॅटरी कशाला उतरली असती, पावणं?"

सात महिन्यांत मी पहिल्यांदा रडलो. भर बाजारात, चारचौघांदेखत. मी तिला गप्प केलं तेव्हा तिच्या सीटखाली नाव चालूच होतं, दवाखान्यापर्यंत चालू होतं, आणि तिला ते माहीत होतं. रोज सकाळी मी ज्याला शिव्या घालत होतो, ते हेच होतं. म्हाताऱ्यानं मला तांब्याभर पाणी दिलं आणि पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

तो डबा काढावाच लागला. ठेवला असता तर एखाद्या दिवशी गाडीनं पेट घेतला असता. वायर मीच तोडली, आणि तेवढं करायलाही बराच वेळ लागला. गिऱ्हाइकाकडं गेलो नाही. तसाच नृसिंहवाडीला गेलो, डबा दत्ताच्या पादुकांसमोर टेकवला आणि घाटावर बसलो. काही मागितलं नाही. माझ्या हातात काहीच नव्हतं, पूर्वीही नव्हतं, हे त्या पाण्याकडं बघत कबूल केलं. त्या म्हाताऱ्याच्या रूपात कोण आलं होतं, असं लोक विचारतात. मला ते ठाऊक नाही. तिचं बोलणं माझ्यापर्यंत पोचलं, त्याबद्दल मी हात जोडतो. तिला बोललो ते शब्द मात्र परत घेता येत नाहीत. ते दुःख आहे तसंच आहे.

गाडी आता पहिल्या चावीला सुरू होते. रस्त्याला लागलो की मीच नाव घेतो, चांगलं मोठ्यानं. शेजारची सीट रिकामी असते. गप बस म्हणायला गाडीत कुणी नाही.