सोळावर थांबलेली रिंग

लतावहिनींचा फोन आला तेव्हा मी बारामतीतल्या माझ्या आवारात एका जुन्या ट्रॅक्टरच्या किमतीवर अडून बसलो होतो. गिऱ्हाईक माळेगावचं, माझ्याइतकंच चिवट. फोनवर नाव दिसलं, पण मी उचलला नाही. सहा वर्षांत त्या घरातून एकदाही फोन आला नव्हता. आता आलाय तर थांबू दे थोडा, असं मनात आलं. सौदा पुरा केला, गिऱ्हाइकाला चहा पाजला, मग निवांत फोन लावला. पलीकडून वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेलं ओ सकाळी..." माझा जुना दोस्त भानुदास गेला होता, आणि ती बातमी मी अर्धा तास दारात उभी करून ठेवली होती.

मी इंदापूरला पोहोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. स्मशानातून परतणारी माणसं रस्त्यात भेटली. त्यांच्यात मला ओळखणारे होते, पण कुणी थांबलं नाही. आमचं बिनसलंय हे साऱ्या स्टँडला माहीत होतं.

भानुदासचा फोटो स्टुडिओ इंदापूरच्या एसटी स्टँडसमोर होता. आमची ओळख मात्र बाजारात झाली. मी तेव्हा बैलांची दलाली करायचो. आमच्यात किंमत तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती पन्नास माणसं असली तरी आकडा दोघांनाच कळतो. एकदा असाच हात घातलेला असताना समोर एक काटकुळा माणूस कॅमेरा रोखून बसलेला दिसला. मी खेकसलो, "सौद्याचा फोटू काढतो व्हय रं?" तो शांतपणे म्हणाला, "रुमालाचा काढतोय. हात कुठं दिसत्यात?" मला हसू आलं आणि त्या नादात सौदा फिसकटला. त्या दिवसापासून तो मला 'दलाल' म्हणू लागला, पुढं मी बैल सोडून जुन्या ट्रॅक्टरांच्या धंद्यात पडलो तरी.

त्याच्याकडं एक जुनी लेन्स होती. सगळं हातानं फिरवायचं, आपोआप काही नाही. बाकीचे फोटोवाले नवे कॅमेरे घेत गेले, यानंही घेतला, पण त्यालाही पुण्याहून जोडणीचं कडं आणून तीच लेन्स बसवली. तिच्यावर एक रिंग होती, तिच्यावर आकडे. मला आकडा दिसला की राहवत नाही. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, आतल्या भोकाचं माप. दोनावर ठेवलं की भोक मोठं, सोळावर ठेवलं की बारीक. मी म्हणालो, "आकडा मोठा आन् भोक लहान? उलटा धंदा हाय तुझा."

"दलाला, भाकरीचे दोन तुकडे केले तर तुकडा केवढा?"

"अर्धी भाकरी."

"आन् सोळा केले तर?"

माझ्या तोंडाला असं कुलूप घालणारी माणसं फार नव्हती. मग त्यानं रिंग फिरवून दाखवली. दोन, दोन पॉइंट आठ, चार, पाच पॉइंट सहा, आठ, अकरा, सोळा. प्रत्येक आकड्याला खट्ट वाजतं आणि प्रत्येक खटक्याला आत येणारा उजेड निम्मा होतो. मी म्हणालो, एका खटक्यात निम्मं? असा भाव कुणी पाडतं का? तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

भोक मोठं असलं की ज्याच्यावर नेम धरलाय तेवढंच स्वच्छ येतं, मागचं सगळं विरतं. बारीक केलं की पुढचं, मागचं, सगळंच स्पष्ट. हे मला पटेना. तो मला दुकानाच्या पायरीवर घेऊन आला आणि समोर लागलेल्या गाडीची पाटी वाचायला सांगितली. मला तेव्हा चष्मा लागला होता, पण मी घेतला नव्हता. अक्षरं नुसती पांढरी दिसत होती. "आता डोळे बारीक कर," तो म्हणाला. केले, आणि 'अकलूज' वाचता आलं. मग त्यानं मूठ वळून मधल्या फटीतून बघायला लावलं. आणखी स्वच्छ. "हे तुझं सोळा. ज्याला दिसत न्हाय त्यानं भोक बारीक करावं." हे वाक्य मी तिथंच विसरलो. विसरायला नको होतं.

तेव्हापासून आमचा एक खेळ झाला. मी इंदापूरला गेलो की तो लेन्स रुमालाखाली धरायचा, मी हात घालायचो आणि खटके मोजून आकडा ओळखायचो. दोनापासून सोळापर्यंत सहा खटके. बाजारात कुणी बोटांत मला हरवलं नाही, पण इथं तो मधेच रिंग फिरवून लबाडी करायचा आणि वर मलाच म्हणायचा, "दलालाला फसवलं! पेढे वाटा रं स्टँडवर!"

माझ्या आईचा फोटो त्यानं दोनावर काढला. आमच्या गावच्या घरासमोर बाजेवर बसलेली आई. तिच्या भुवईचा केसन् केस दिसतो आणि मागचा पडका गोठा, गळकं छप्पर, वाळत टाकलेली फाटकी गोधडी, काही म्हणजे काही ओळखू येत नाही. मी वर आलो तो ते छप्पर मागं टाकून. म्हणून तो फोटो मला फार आवडायचा. बारामतीच्या बंगल्यात शिरल्या शिरल्या समोर तोच आहे.

सारिकाच्या, माझ्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नात मी भानुदासला म्हणालो, बाकीचे फोटो पुण्याची माणसं काढतील, तू एकच काढ. पाठवणीच्या वेळी, माझ्या आईच्या फोटोसारखा. तिची आई लग्नाच्या तीन वर्षं आधी गेली होती, त्यामुळं ती पाठवणी मला एकट्याला सोसायची होती. भानुदासनं त्या दिवशी तमाशाच केला. सारिकाला उभं केलं, तिच्यापासून मोजून सात पावलं मागं गेला, पुन्हा पुढं आला, पुन्हा मोजली. मधेच मूठ डोळ्याला लावून बघितलं. पोरी हसल्या. मीही हसलो.

चार दिवसांनी फोटो आला. सारिका त्यात होती, रडून नाक लाल झालेली. पण तिच्यामागं मांडवातल्या उलट्यापालट्या खुर्च्या होत्या, खरकट्या पत्रावळींचा ढीग होता, पाण्याचा टँकर होता, आणि टँकरजवळ मी होतो. बोट उगारून, तोंड वासून ड्रायव्हरवर ओरडताना. मुलगी निघाली होती आणि बाप टँकर उशिरा आला म्हणून भांडत होता. टँकरच्या नंबरप्लेटइतकाच माझा चेहरा स्पष्ट.

खरं सांगतो, मी भांडायला गेलोच नव्हतो. सारिका माझ्याकडं वळणार असं दिसलं आणि मला तिच्यासमोर उभं राहवेना. पाय जिकडं गेले तिकडं टँकर होता, म्हणून टँकर. पण हे फोटोत येत नाही. फोटोत बोट येतं.

मी तसाच इंदापूरला गेलो आणि फोटो त्याच्या काउंटरवर आपटला. "मला सगळ्यांसमोर असा दावतो व्हय? आईच्या वेळी दोनावर ठेवलंस, ती अक्कल आता कुटं गेली?" त्यानं फोटो हातात घेतला, तोंडाजवळ नेला, लांब धरला आणि हळू आवाजात विचारलं, "काय आलंय रं त्यात?"

मला वाटलं, हा ते माझ्या तोंडून वदवून घेतोय. त्याच्याच दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर, मी त्याला नको ते बोललो आणि निघालो. तो मागून "दलाला..." म्हणाला. पुढं काहीतरी होतं. मी ऐकायला थांबलो नाही. पुढची सहा वर्षं स्टँडवर उतरलो की रस्त्याच्या पलीकडून चालायचो. दुकानाचं शटर पुढं बंदच दिसू लागलं. मला वाटलं, धंदा बसला. आतून थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

तेराव्याला वहिनींनी मला आत बोलावलं आणि लेन्स हातात ठेवली. म्हणाल्या, "तुमालाच द्या म्हणलं होतं ह्यांनी." मी म्हणालो, मला कशाला, मला त्यानं फोटोत उघडा पाडला. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "भाऊजी, त्यांना दिसत कुठं होतं? साखर डोळ्यांत उतरलेली. सारिकाच्या लग्नाच्या वर्षभर आधीपासनं समदं धुरकट. नेम धरता येत न्हवता. म्हणून भोक बारीक केलं, पावलं मोजली. म्हणजे कुठं का उभी असंना, पोर साफ येईल म्हणायचे. मागं कोण हाय ते त्यांना कुठलं कळायला?"

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही?

"म्हणाले, दलालाला कळलं तर फोटू दुसऱ्याकडनं काढून घेईल. पोरीचा फोटू मला काढायचाय."

माझी तक्रार अजून आहे. मी जुनं यंत्र विकतो तेव्हा कुठं गळतं, कुठं घासतं ते आधी सांगतो. दोष लपवून केलेला सौदा मी मानत नाही, आणि भानुदासनं माझ्याशी दोष लपवून सौदा केला. पण त्यानं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हेही मला ठाऊक आहे. पाठीवर हात ठेवला असता, जेवून जा म्हणालो असतो आणि फोटो पुण्याच्या माणसाला काढायला लावला असता. तीस वर्षं माझी बोटं वाचणाऱ्यानं हे बरोबर वाचलं होतं. मला मात्र त्याचं एक वाक्य वाचता आलं नाही. तो खरंच विचारत होता, काय आलंय त्यात. मी बसून सांगितलं असतं तर... खुर्च्या आल्यात, पत्रावळी आल्यात, टँकर आलाय, मी आलोय. त्यालाही आधी हसू आलं असतं, मला माहीत आहे.

सारिका नाशिकला असते. बंगल्यात मी एकटा. आवारात दिवसभर माणसं येतात, पण मला उलट बोलायची कुणाची छाती नाही, आणि नुसतं ऐकणाऱ्या माणसांत दिवस फार लांबतो. लेन्स गल्ल्याजवळच्या खणात असते. वहिनींनी दिली तेव्हा रिंग सोळावर होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी ती काढतो, मांडीवर घेतो, वर रुमाल टाकतो आणि डोळे मिटून फिरवतो. सोळापासून दोनापर्यंत सहा खटके, परत सहा. एकदाही चुकत नाही. मधेच रिंग फिरवणारा हात रुमालाखाली नाही. मग सोळावरच ठेवून मी खण लावतो.