वळणदार सही

शिक्क्याच्या शाईचा वास आला की मला कळंबच्या कचेरीसमोरचं लिंबाचं झाड आठवतं. वडील गेल्यावर भावानं आम्हा दोघी बहिणींना तिथं नेलं होतं. दस्तलेखकानं लिहिलेला कागद मी, घरातली एकटी मॅट्रिक, खणखणीत वाचून दाखवला: ‘सदरहू मिळकतीतील यच्चयावत हक्क व हितसंबंध...’ थोरली म्हणाली, “लई गोड वाचतीस गं! पण म्हंजी काय?” “कायद्याची भाषा हाय, तुला न्हाय कळायची,” मी ऐटीत म्हणाले. कळली मलाही नव्हती. तिनं अंगठा उठवला, मी वळणदार सही ठोकली, आणि वडिलांच्या रानातला दोघींचा वाटा भावाच्या नावावर गेला. आता वकिली शिकणारी नात तसलंच लिहिते. अर्थ विचारला तर म्हणते, “आज्जी, असंच लिहिलं तर मार्क पडतात.”